फुलराणीची कारकीर्द : महिला बॅडमिंटनपटूंच्या चरित्रलेखनाविषयी काही विचार

१

क्रीडाविषयक लेखन हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न ह्या पत्रिकेच्या काही वाचकांच्या मनात हे शीर्षक पाहून उद्भवेल. सामन्याचा वृत्तान्त एका दिवसापुरता असतो. दुसऱ्या दिवशी त्यात भाजी बांधली जाते. परंतु खेळाडूचे चरित्र किंवा चरित्रपर टिपण ह्याची गोष्ट वेगळी आहे. ते जपून ठेवले जाते, स्मरणिकांतून पुन्हा छापले जाते, शाळांतील वक्तृत्वस्पर्धांत पाठ म्हणून दाखवले जाते आणि अखेरीस खेळाडूविषयीची सामूहिक स्मृती त्याच शब्दांत गोठते. तेव्हा असे लेखन कोणत्या भाषेत होते व त्या भाषेने काय साधते, काय निसटते, ह्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत लेखकाला ह्या विषयाकडे वळवण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. कर्वेनगरात अध्यापन करीत असता एका विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध तपासण्यास आला. विषय होता, 'माझा आवडता छंद'. ही मुलगी काही वर्षे बॅडमिंटन खेळलेली होती. निबंध नीटनेटका होता. मी त्यातील अनुस्वार व ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, समाधानकारक गुण दिले आणि वही परत केली. पुढे काही दिवसांनी वर्गात प्रयोगविचार शिकवताना उदाहरणांसाठी तीच वही मी पुन्हा मागून घेतली, आणि तेव्हा जे दिसले त्याने मी अस्वस्थ झालो. निबंधातील वाक्ये साधारणतः अशी होती : बाबांनी मला खेळायला नेले. सरांनी मला घडवले. आईने माझ्यासाठी नोकरी सोडली. संघात माझी निवड झाली. मला पदक मिळाले. माझा गुडघा दुखावला. मी खेळ सोडला.

सात वाक्ये, आणि त्यांत 'मी' हे कर्तृपद केवळ एकदा, शेवटी. आपल्या साऱ्या खेळात त्या मुलीने स्वतः केलेली म्हणून नोंदलेली क्रिया एकच, ती म्हणजे खेळ सोडण्याची. अनुस्वार दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेतून कर्ता निसटला होता. हा दोष तिचा मानावा की ज्या गद्यावरून ती लिहावयास शिकली त्या गद्याचा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासमोर आहे.

२

व्याकरणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. म्हणून प्रथम तो पक्ष तपासू.

मराठीत सकर्मक धातूंचा भूतकाळी प्रयोग सामान्यतः कर्मणी होतो. 'तिने पत्र लिहिले' ह्या वाक्यात क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, लिहिणारीच्या नव्हे. परंतु काही थोडे धातू ह्या नियमास अपवाद आहेत. बोलणे, शिकणे, विसरणे ही त्यांची परिचित उदाहरणे होत. 'ती कविता शिकली', 'ती निरोप विसरली' असेच आपण म्हणतो. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्रीला सोडीत नाही. आता नवलाची गोष्ट अशी की, 'खेळणे' हा धातू ह्याच लहानशा गटात मोडतो. 'ती अंतिम सामना खेळली' असेच शुद्ध मराठी आहे. 'हरणे' ह्याचीही गत तीच : 'ती सामना हरली'. 'जिंकणे' ह्या धातूला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. 'तिने सामना जिंकला' असेही म्हणता येते आणि 'ती सामना जिंकली' असेही.

ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. खेळणाऱ्या व्यक्तीला वाक्याच्या केंद्रस्थानी ठेवण्याची जेवढी सोय मराठीच्या व्याकरणाने करून ठेवली आहे, तेवढी लिहिणाऱ्या, रांधणाऱ्या किंवा घर बांधणाऱ्या व्यक्तीसाठीही केलेली नाही. खेळात कर्ता व क्रिया ह्यांची फारकत होत नाही, हे जणू भाषेने ओळखलेले आहे. असे असता चरित्रपर गद्यात खेळाडू स्त्री कर्तृपदावरून ढळून चतुर्थीत जाते ('तिला पदक मिळाले') किंवा षष्ठीत जाते ('तिची निवड झाली'), ह्याला व्याकरण जबाबदार नाही. ती निवड लेखकाची आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकेल. 'मिळाले', 'निवड झाली' ही रूपे पुरुष खेळाडूंविषयीही वापरली जातातच. ते खरे आहे, आणि 'सरांनी घडवले' हेही पुरुषांच्या चरित्रांत आढळते. फरक प्रमाणाचा व स्थानाचा आहे. पुरुषाच्या चरित्रात वडील व गुरू हे बहुधा पहिल्या एकदोन परिच्छेदांचे मानकरी असतात. नंतर ते मागे सरतात आणि वाक्ये खेळाडूच्या नावाने सुरू होऊ लागतात. स्त्रीच्या चरित्रात ते अखेरपर्यंत मागे सरत नाहीत. वडिलांची जागा काही काळाने पती घेतो, एवढाच बदल होतो. वाचकांनी आपल्या संग्रहातील कोणतीही दोन टिपणे शेजारी ठेवून वाक्यारंभीची कर्तृपदे अधोरेखित करून पाहावीत, म्हणजे प्रत्यय येईल.

३

आता शब्दसंपत्तीकडे वळू. 'खेळाडू' हा शब्द उभयलिंगी आहे. तो खेळाडू, ती खेळाडू. 'बॅडमिंटनपटू' ह्यातील 'पटु' हे संस्कृत विशेषण. त्याचे स्त्रीलिंगी रूप संस्कृतात विकल्पाने 'पट्वी' असे होते. पाणिनीने गुणवाचक उकारान्त शब्दांसाठी ही सवलत ठेवली आहे. मराठीने 'पट्वी' स्वीकारले नाही, 'पटू' हेच दोघांसाठी ठेवले. म्हणजे मुळात येथेही भाषा समदर्शी होती. स्पर्धेच्या सोडतीचा तक्ता पाहिला तर त्यावर 'पुरुष एकेरी' व 'महिला एकेरी' असे दोन तोलाचे मथळे असतात. परंतु तोच मजकूर गद्यात उतरला की 'बॅडमिंटनपटू' म्हणजे आपोआप पुरुष, आणि स्त्री असेल तर 'महिला बॅडमिंटनपटू' असे होते. तक्ता समान, गद्य विषम. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही ते विशेषण आलेले आहे, आणि ते टाळता आले नाही हे मान्य केले पाहिजे.

ह्या खेळाचे साधन म्हणजे शटलकॉक. त्यास आपल्याकडील मुले 'फूल' म्हणतात. हिंदी भाषकांस त्यात चिमणी दिसली, आपणास फूल दिसले. ह्या फुलावरून मराठी क्रीडापृष्ठांनी एक बिरुद निर्माण केले, 'फुलराणी'. सायना नेहवाल हिच्या उदयाबरोबर ते विशेष रूढ झाले व आता कोणत्याही यशस्वी बॅडमिंटनपटू स्त्रीला सर्रास लावले जाते. श्लेष म्हणून तो चतुर आहे, ह्यात शंका नाही. परंतु शब्द रिकाम्या हाताने येत नाही. तो आपला पूर्वेतिहास बरोबर घेऊन येतो.

'फुलराणी' म्हटले की मराठी वाचकाला बालकवींची कविता आठवते. तीतील फुलराणी ही एक अजाण कळी आहे. सूर्यकिरणाच्या दर्शनाने तिच्या मनात प्रेम जागे होते आणि सगळी सृष्टी वऱ्हाडी होऊन तिचे लग्न लागते. दुसरी आठवण पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'ती फुलराणी' ह्या १९७५ सालच्या नाटकाची, जे शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून रचलेले आहे. तेथे एक भाषाशास्त्राचा प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीला शुद्ध बोलणे शिकवून 'घडवतो'. म्हणजे एका फुलराणीच्या कथेची परिणती विवाहात, दुसरीचे सारे यश शिक्षकाच्या नावे जमा. पहिलीत ती वधू, दुसरीत ती कृती. दोन्ही कलाकृती आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत, आणि नाटकातील मुलगी आपल्या घडवणाऱ्याला शेवटी जाब विचारते हेही विसरता कामा नये. परंतु बिरुद उचलणाऱ्यांनी तो जाब बरोबर उचललेला दिसत नाही. भाषाशास्त्राचा अध्यापक असून मी विद्यार्थिनीचे अनुस्वार तेवढे दुरुस्त केले. तेव्हा त्या नाटकातील प्राध्यापकाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, ह्याची मला जाणीव आहे.

शिवाय वस्तुस्थिती अशी की, हे 'फूल' नाजूक नाही. हंसवर्गीय पक्ष्याची सोळा पिसे बुचाच्या गोल बुडात रोवलेली असतात, आणि सारे मिळून वजन पाच ग्रॅमच्या आसपास भरते. जोरकस स्मॅशने सुटताना त्याचा वेग रॅकेटच्या कोणत्याही अन्य खेळातील चेंडूपेक्षा अधिक असतो, आणि पिसांच्या अवरोधामुळे तो क्षणार्धात मंदावतो. ह्या एकाच वस्तूतील दोन टोकांच्या वेगांवर हुकमत मिळवणे म्हणजे हा खेळ. चव्वेचाळीस फूट लांबीच्या अंगणातील आपली बावीस फूट लांब व सतरा फूट रुंद बाजू एकटीने राखावयाची असते. जाळीची उंची, अंगणाचे माप व फुलाचे वजन ही पुरुष व स्त्रिया ह्यांच्यासाठी एकच असतात. व्हॉलीबॉलमध्ये जाळी स्त्रियांसाठी खाली घेतात. येथे तसे नाही. भेद होता तो गुणसंख्येत. थोडा काळ चाललेला सात गुणांचा प्रयोग वगळता, पुरुषांच्या एकेरीचा गेम पंधरा गुणांचा आणि स्त्रियांचा अकरा गुणांचा असे. २००६ साली एकवीस गुणांची नवी पद्धत आली, तेव्हा हा भेद गेला. नियमपुस्तिकेने जे केले ते गद्याने अद्याप केलेले नाही, एवढेच म्हणावयाचे.

४

'फुलराणी'तील 'राणी' जर गांभीर्याने घ्यावयाची तर तिच्याबरोबर 'कारकीर्द' हा शब्दही गांभीर्याने घ्यावा लागेल. हा शब्द फारसीतून आला. 'कार' म्हणजे काम आणि 'कर्द' म्हणजे केले. केलेले काम, हा मूळ अर्थ. मराठीत तो राज्यकाल ह्या अर्थाने स्थिरावला. आपण पेशव्यांची कारकीर्द म्हणतो, अहिल्याबाई होळकरांची कारकीर्द म्हणतो. पुढे इंग्रजी 'करिअर'च्या छायेत तो वकील, नट, खेळाडू ह्यांच्या आयुष्यक्रमालाही लागू झाला. ह्या शब्दात दोन मागण्या अंतर्भूत आहेत : काम केलेले असावे, आणि ते करणारी व्यक्ती त्या कालखंडाची धनी असावी. चरित्रलेखन ह्या दोन मागण्या कितपत पुऱ्या करते, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण पुण्याचेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील लष्करी छावणीत हा खेळ रूढ होता, आणि काही काळ तो 'पूना' ह्याच नावाने ओळखला जाई. पुढे ग्लॉस्टरशायरमधील ब्यूफर्टच्या ड्यूकच्या 'बॅडमिंटन' ह्या वाड्याचे नाव त्यास चिकटले आणि माहेरचे नाव मागे पडले. अशा ह्या गावात १९४० च्या दशकात तारा, सुंदर व सुमन ह्या तीन देवधर भगिनींनी राष्ट्रीय पातळीवर आपला दबदबा निर्माण केला. नाटकाप्रमाणे खेळातही स्त्रीने लोकांसमोर यावे की नाही ह्याची चर्चा ज्या काळी संपलेली नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे.

ह्या तिघींची ओळख कशी करून दिली जाते? 'क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या कन्या', अशी. ओळख खोटी नाही, आणि ती अभिमानास्पदही आहे. प्रा. देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या १४८ धावा आणि १९३९–४० व १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने जिंकलेली रणजी स्पर्धा ह्या गोष्टी क्रिकेटप्रेमी पुणेकराला मुखोद्गत असतात. पित्याची स्मृती अशी आकड्यांच्या रूपाने राहिली. कन्यांची स्मृती नात्याच्या रूपाने. तिघींपैकी कोण एकेरीत अधिक भरवशाची, कोण दुहेरीत जाळीजवळ अधिक चपळ, कोणाचा कोणता फटका प्रतिस्पर्ध्यास जड जाई, ह्यांविषयी लिहिण्याऐवजी लेखणी पुन्हा पुन्हा वडिलांच्या १४८ धावांकडे वळते. तीन व्यक्तींचे मिळून 'देवधर भगिनी' असे एकच सामासिक पद होते, आणि समासात घटकपदांच्या विभक्ती लोप पावतात हे आपण जाणतोच.

५

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि त्याविषयी लिहिताना संकोच वाटतो. दमयंती तांबे, पूर्वाश्रमीच्या सुभेदार, ह्यांनी १९६०–७० च्या संधिकालात तीन वेळा महिला एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला. त्यांचा विवाह भारतीय वायुदलातील फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ह्यांच्याशी झाला. ५ डिसेंबर १९७१ रोजी, युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, तांबे ह्यांचे सुखोई विमान पश्चिम पाकिस्तानात पडले. ते युद्धकैदी झाल्याच्या वार्ता आल्या. परंतु ते परतले नाहीत. बेपत्ता म्हणून गणल्या गेलेल्या चोपन्न सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव आहे. दमयंतीबाईंचा स्पर्धात्मक खेळ थांबला. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडाविभागात त्यांनी नोकरी केली, आणि पतीचा शोध लागावा म्हणून अनेक दशके सरकारदरबारी खेपा घातल्या. २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातलगांचे एक मंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

ह्या आयुष्यावर जे लिहिले जाते त्याचा सूर आदराचा असतो, आणि त्यातील करुणा खरी असते. माझे म्हणणे वाक्यरचनेपुरते मर्यादित आहे. 'माजी राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे गेली इतकी वर्षे पतीची वाट पाहत आहेत', अशा घडणीचे वाक्य घ्या. त्यात खेळ विशेषणात आहे आणि प्रतीक्षा क्रियापदात. तीन राष्ट्रीय विजेतेपदे, म्हणजे निदान तीन हंगामांची पहाटेची मेहनत, डावपेच, अवघड क्षणी राखलेला संयम, हे सारे नावाच्या मागे लावण्याची एक पदवी होऊन बसते. वाचकाच्या मनात जी कथा उरते तिच्यात त्या पत्नी असतात. खेळाडू असणे हा तिचा पूर्वरंग. ज्या दुःखाने खेळ थांबला त्या दुःखाचे मोजमापही त्यामुळे अपुरे राहते. काय थांबले हे सांगितल्यावाचून किती गमावले हे कसे कळावे? प्रतीक्षेला न्याय देण्यासाठीसुद्धा खेळाला स्वतंत्र क्रियापद मिळणे आवश्यक आहे.

ह्याच उदाहरणातून नावाचा प्रश्न उपस्थित होतो. विवाहाने आडनाव बदलते. काही कुटुंबांत पहिले नावही बदलते. कारकीर्दीच्या मध्यावर हा बदल घडला तर विजेत्यांच्या सूचीत एक व्यक्ती दोन होऊन बसते. बंगालच्या मधुमिता गोस्वामी आणि आठ वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेल्या मधुमिता बिश्त ह्या एकच, हे माहीत नसणाऱ्या वाचकाला सूची पाहून दोन निराळ्या खेळाडूंचा भास होईल. पुरुषाची नावे कालक्रमाने लावली की कारकीर्द तयार होते. स्त्रीच्या बाबतीत आधी 'ही तीच' हे सिद्ध करावे लागते. वृत्तान्तलेखक स्त्री खेळाडूचा उल्लेख बहुधा पहिल्या नावाने करतात, त्याच्या मुळाशी आपुलकी असेल, वयाचा विचार असेल. परंतु तिचे आडनाव कायमचे नाही ही समजूतही असावी, असे माझे अनुमान आहे. आमचे कर्वेनगर एके काळी हिंगणे होते. येथे नाव बदलले ते ज्याने काम केले त्याच्या गौरवार्थ, आणि हिंगण्याचा इतिहास कर्वेनगराच्या इतिहासात आपण बिनदिक्कत जमेस धरतो. गावाला दिलेली ही सवलत खेळाडू स्त्रीला देण्यास अडचण कोणती?

६

तिसरे उदाहरण मुंबईच्या अपर्णा पोपट ह्यांचे. येथे 'व्यावसायिक' ह्या शब्दाचा विचार करणे अपरिहार्य आहे. जुन्या मराठीत 'हौशी'च्या विरुद्ध 'धंदेवाईक' हा शब्द होता; धंदेवाईक नाटक मंडळी असे निःसंकोच म्हटले जाई. परंतु 'धंदा' ह्या शब्दाला स्त्रीच्या संदर्भात जो हीन अर्थ चिकटला, त्यामुळे 'धंदेवाईक खेळाडू' हे विशेषण स्त्रीला लावणे कोणाला जमले नसते. 'व्यावसायिक' हे संस्कृत रूप पुढे आले ते ही अडचण घेऊनच. खुद्द बॅडमिंटनमध्येही उघडपणे बक्षिसाच्या रकमा देणाऱ्या खुल्या स्पर्धा १९८० च्या सुमारास सुरू झाल्या. त्यापूर्वीच्या पिढीतील खेळाडू अर्थातच हौशी म्हणून खेळल्या. सात वेळा एकेरीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या व १९७८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत कंवल ठाकरसिंग ह्यांच्यासह दुहेरीचे कांस्यपदक पटकावणाऱ्या मुंबईच्या अमी घिया ह्या त्या दोन काळांच्या सीमेवर उभ्या होत्या. ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाचा पदकांसाठी समावेश १९९२ साली झाला; तो त्यांच्या उमेदीच्या वर्षांस उपयोगी पडला नाही.

अपर्णा पोपट ह्यांचा जन्म १९७८ चा. मुंबईत अनिल प्रधान ह्यांच्याकडे आरंभीचे शिक्षण, नंतर बंगळूर येथील प्रकाश पदुकोण ह्यांच्या अकादमीत सराव, १९९६ साली जागतिक कुमार स्पर्धेत रौप्यपदक, १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे रौप्य व २००२ मध्ये मँचेस्टर येथे कांस्य, सिडनी व अथेन्स अशी दोन ऑलिंपिके, आणि १९९७ पासून २००६ पर्यंतच्या काळात लागोपाठ नऊ राष्ट्रीय विजेतेपदे. मनगटाच्या दुखापतीमुळे २००६ साली त्या निवृत्त झाल्या. इंडियन ऑइल ह्या सार्वजनिक कंपनीतील नोकरी हा त्यांच्या व्यावसायिकतेचा आर्थिक पाया. आपल्याकडे खेळाडूचा व्यवसाय बहुधा असा नोकरीच्या रूपाने सिद्ध होतो.

ह्या कारकीर्दीविषयीचे लेखन पूर्वीच्या दोन उदाहरणांहून पुढे गेले आहे, हे मान्य केले पाहिजे. येथे ओळख नात्याने होत नाही, आकड्याने होते. 'नऊ' हा तो आकडा. कन्या नाही, पत्नी नाही, स्वतःच्या नावाची धनी असलेली विजेती आपल्याला येथे भेटते. तरीही दोन उणिवा जाणवतात. पहिली अशी की, त्या नऊचे महत्त्व सांगताना लगेच प्रकाश पदुकोण ह्यांच्या लागोपाठच्या नऊ विजेतेपदांशी बरोबरी सांगितली जाते. तुलना योग्य आहे. परंतु ती समजावणीसाठी येण्याऐवजी प्रमाणपत्रासारखी येते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आकडा आला आणि खेळ गेला. नऊ वर्षे देशातील प्रत्येक नवी मुलगी ज्या एकीला हरवण्याच्या तयारीने येत होती, तिने दर वर्षी स्वतःत काय बदल केला? कोणता फटका वाढवला, कोणता सोडला? मनगट ज्या खेळाडूचे मुख्य साधन, तिने ते दुखत असता डाव कसा आखला? लागोपाठ नऊ वेळा जिंकणे ही एकाच यशाची नऊवार आवृत्ती नसते. दर वेळी प्रश्न निराळा असतो. केलेले काम हा 'कारकीर्द' शब्दाचा जो अर्धा भाग, तो आकड्याच्या मागे झाकला गेला.

त्यानंतरचा काळ अधिक उज्ज्वल आहे. सायना नेहवालचे २०१२ चे लंडनमधील कांस्य, पी. व्ही. सिंधूचे २०१६ चे रिओमधील रौप्य, २०१९ चे जागतिक अजिंक्यपद आणि २०२१ साली झालेल्या टोकियो स्पर्धेतील कांस्य ह्यांनी खेळाचे चित्र पालटले. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत सायनाला सरळ दोन गेममध्ये नमवले. त्या विजयानंतरच्या मराठी मथळ्यांच्या घडणीकडे पाहिले तर 'सायनाला पराभवाचा धक्का' हे सूत्र हमखास पुढे येते, आणि जिने धक्का दिला ती मजकुरात उतरते. ह्यात सायनाच्या कीर्तीचा भाग आहेच. परंतु विजयी कर्त्रीला मथळ्याबाहेर ठेवण्याची सवय किती सहज झाली आहे, हेही त्यातून दिसते.

७

निष्कर्ष म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना नोंदींविषयी. विजेत्यांच्या सूची, स्मरणिका व संदर्भग्रंथ ह्यांत खेळाडू स्त्रीची विवाहपूर्व व विवाहोत्तर अशी दोन्ही नावे एकत्र द्यावीत. हे काम लहान आहे, परंतु त्यावाचून चरित्राचा पायाच घातला जात नाही.

दुसरी सूचना वर्णनाविषयी. खेळाडूच्या चरित्रात निदान एक सामना तपशिलाने, फटक्यांसह आला पाहिजे. ह्यासाठी ज्या ज्येष्ठ खेळाडू आज आपल्यात आहेत त्यांच्याकडून त्यांच्या खेळाचे वर्णन त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करून घ्यावे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी लोकगीते, ओव्या ह्यांचे संकलन केलेच आहे. क्रीडांगणावरील बोली हीसुद्धा संकलनास योग्य अशी भाषासामग्री आहे.

तिसरी सूचना वाक्यरचनेविषयी, आणि ती अध्यापकांना उद्देशून आहे. निबंध तपासताना शुद्धलेखनाबरोबर कर्तृपदही तपासावे.

शेवटी त्या विद्यार्थिनीविषयी. तिला मी बोलावून घेतले आणि तिच्या एखाद्या आठवणीतील सामन्याविषयी तोंडी सांगावयास सांगितले. निबंध नको, केवळ सांग, असे म्हटले. ती म्हणाली : सर, ती मला सारखी मागे ढकलत होती. मग मी एक उंच टॉस दिला, ती मागे गेली, मी पुढे आले, थांबले, स्मॅशचा हात केला आणि ड्रॉप टाकला. ती पोहोचलीच नाही. मी जिंकले.

'मी आले, थांबले, हात केला, टाकला, जिंकले.' तिच्या बोलण्यात कर्ता आपल्या जागी होता. तो लिहिताना हरवला होता. ह्या आवारापासून हाकेच्या अंतरावर १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी झोपडी बांधली, ती त्यांच्या हाती लेखणी यावी म्हणून. लेखणी आली, आता तिने 'मी' लिहावे, एवढेच काम उरले आहे. त्या मुलीला मी निबंध पुन्हा लिहावयास सांगितले आहे. तो अद्याप माझ्याकडे आलेला नाही.